घर बांधायचंय? आधी सातबारा उघडा!

वाटणी म्हटलं की आपल्याकडं डोळ्यासमोर भांडणच येतं. म्हणून विषय टाळला जातो आणि मग नव्या घराचा पाया खणताना तोच विषय कुदळीला लागतो. तुमच्या घरात बांधकामाची चर्चा सुरू असेल तर हे वाचा आणि घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा.

हळद निघाली, शिजली, वाळली, पॉलिश झाली आणि वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या मार्केट यार्डात गेली. पट्टी हातात आली. भाव बरा लागला. त्या रात्री जेवताना बाबा म्हणतात, "औंदा घराचं काम काढावं म्हणतो. पोराची सोयरीक जमवायची तर या घरात पाहुणे बसवायचे कुठं?"

झालं! रात्रभर तुम्ही मोबाइलवर 'टू बीएचके' घरांचे व्हिडिओ बघता. दुसऱ्या दिवशी मिस्त्री येऊन टेप लावून जातो. तिसऱ्या दिवशी मुरमाचं ट्रॅक्टर येतं. आणि चौथ्या दिवशी काका समोर उभे राहतात. "इथं कसं काय बांधायलास रे? ही जागा तर माझ्या वाट्याची हाय."

काम थांबतं. बाबा आणि काका एकमेकांशी बोलायचे थांबतात. मुरमाच्या ढिगावर पहिल्या पावसात गवत उगवतं.

सेनगावपासून वसमतपर्यंत कुठल्याही गावात जा, असा एक तरी मुरमाचा ढीग सापडेल. यात काका वाईट असतात असं नाही आणि बाबांचंही काही चुकलेलं नसतं. चूक एवढीच, की आजोबा गेल्यावर कागद कुणी केलाच नाही. 'आपण काय परके आहोत का' म्हणत तो राहिला तो राहिलाच.

खरं तर वाटणीला घाबरण्याचं आपल्याला काही कारण नाही. आपला जिल्हाच वाटणीतून झाला. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली वेगळा निघाला. सीमा आखल्या गेल्या, कचेऱ्या वेगळ्या झाल्या. पण परभणीशी सोयरिकी तुटल्या का? उलट कामं सोपी झाली. घराचंही तसंच आहे. वाटणी कागदावर, वेळेत आणि सगळ्यांसमोर झाली तर नातं टिकतं.

मग सुरुवात कुठून करायची? टेप बाजूला ठेवा आणि सातबारा काढा.

आधी नाव कुणाचं ते बघा

समजा, तुमचं घर असं आहे. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून सहा एकर रान घेतलं. गावात त्यांच्याच नावावर माळवदाचं जुनं घर. आजोबा वारले, मृत्युपत्र केलेलं नाही. मागं आजी, बाबा, काका आणि कळमनुरीला दिलेली आत्या.

या जमिनीवर हक्क कुणाचा? 'बाबांचा आणि काकांचा, तीन-तीन एकर,' असं उत्तर तुमच्या तोंडून पटकन निघालं असेल तर थांबा. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार इथं वारस चार आहेत आणि चौघांचा हक्क सारखा. सहा एकर म्हणजे २४० गुंठे. चार भाग केले की प्रत्येकी ६० गुंठे, म्हणजे दीड एकर. गावातल्या घरातही असेच चार वाटे. हा कायदा हिंदूंप्रमाणे बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम कुटुंबांत वाटे त्यांच्या व्यक्तिगत कायद्यानं ठरतात आणि त्यातही मुलीचा वाटा असतोच.

जमीन आजोबांनी घेतलेली नसून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, म्हणजे वडिलोपार्जित असेल, तर गणित बदलतं. तिथं हक्क जन्मानं मिळतो. बाबांच्या वाट्यात तुमचा आणि तुमच्या बहिणीचाही हिस्सा येतो. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ही जमीन घेतली कुणी आणि कधी? त्याचं उत्तर जुन्या फेरफारांत सापडतं. आपला भाग आधी हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळं खूप मागचं शोधायचं तर मराठवाड्यात १९५०च्या दशकातलं खासरा पत्रकही बघावं लागतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून या नकला मिळतात.

आता सातबाऱ्याकडं या. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. सोबत आठ-अ सुद्धा काढा, म्हणजे एका खात्यावर कोणकोणते गट आहेत ते समजेल. अजून आजोबांचंच नाव दिसतंय? मग वारस नोंद राहिलीय. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो कळवावा, असं महसूल कायदा सांगतो. आपण मात्र तीस-तीस वर्षं कळवत नाही. २०२५ मध्ये सरकारनं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याचसाठी. गावोगावच्या सातबाऱ्यांवर मयत माणसंच खातेदार म्हणून उभी होती! तुमचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत तलाठ्याकडं देता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि शपथपत्र जोडायचं.

यादी करताना एकच गोष्ट लक्षात ठेवा. सगळ्यांची नावं लिहा. सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची.

आत्याचं नाव का गाळता?

हा विषय निघाला की घरात शांतता पसरते. मग कुणीतरी म्हणतं, "तिचं लग्न केलं की. हुंडा दिला, दागिना घातला. आता परत कशाला?"

कायद्याचं उत्तर सरळ आहे. लग्नात केलेला खर्च म्हणजे वाटा नव्हे. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा हक्क देणारी दुरुस्ती केली. ती त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरती होती. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभराच्या कायद्यानं लग्न झालेल्या, न झालेल्या सगळ्याच मुलींना तो हक्क दिला. तरीही 'त्या दिवशी वडील हयात होते का' यावर वाद चालूच राहिले. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात तोही वाद मिटवला. हक्क जन्मानं येतो, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्यांना धक्का लागत नाही.

आणि आत्याचं नाव सातबाऱ्यावर नाही म्हणून तिचा हक्क गेला, असंही होत नाही. सातबारा मुळात महसुलाची नोंद आहे. नाव गाळल्यानं हक्क गळत नाही, तो फक्त लपतो. आणि लपलेला हक्क कधी वर येतो? तुमच्या स्लॅबवर पाणी मारून झाल्यावर, बँकेत कर्जाची फाइल गेल्यावर, नाहीतर रस्त्यासाठी भूसंपादनाची नोटीस आल्यावर. शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत आपला जिल्हाही आहे. अशा वेळी मोबदला ठरतो तो कागदावरच्या हक्कावर आणि वाद असला की पैसे अडकून पडतात.

आपल्याकडं रूढ असलेला मार्ग म्हणजे हक्कसोडपत्र. एक दिवस आत्याला गाडी करून आणायचं, रजिस्ट्री ऑफिसात सही घ्यायची, साडीचोळी करायची, हॉटेलात जेवण द्यायचं आणि संध्याकाळी एसटीत बसवून द्यायचं. कायद्यानं यात चूक काहीच नाही. हक्कसोड स्वखुशीनं करता येतं आणि ते नोंदणीकृत असेल तर पक्कं असतं. प्रश्न आहे तो 'स्वखुशी'चा. सही करण्याआधी कागद तिला कुणी वाचून दाखवला का? दीड एकराची आजची किंमत कुणी सांगितली का? 'नाही' म्हटलं तर माहेर तुटेल, या भीतीनं तर तिनं 'हो' म्हटलं नाही ना?

हे वाचणारी तू मुलगी असशील तर हा प्रश्न उद्या तुझ्यापुढंच येणार आहे. तेव्हा आजच माहिती करून घे. मार्ग एकच नसतो. वाटा स्वतःच्या नावावर ठेवून भावाला कसायला देता येतो. गावालगतचा थोडा तुकडा ठेवून बाकी हक्क सोडता येतो. वाट्याच्या बदल्यात रक्कम घेता येते. अशा वेळी मुद्रांक शुल्काचा हिशेब बदलतो, तो आधी विचारून घ्यायचा. सगळं सोडायचं असेल तर तेही कर, पण तो निर्णय तुझा असू दे. आणि तू भाऊ असशील तर हे सगळं बहिणीला तूच सांग. तिला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

बॉण्डवरची वाटणी किती पक्की?

"आमची वाटणी झालीय की! शंभरच्या बॉण्डवर लिहिलंय. पाच पंचांच्या सह्या आहेत."

हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. पंचांचा मान राखूनच सांगतो, त्या बॉण्डवर नवं घर उभं करू नका. स्थावर मिळकतीचे हक्क वाटणारा कागद नोंदणीकृत लागतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. भाऊभाऊ आहेत तोवर बॉण्ड चालतो. चुलतभाऊ समोरासमोर आले की तोच बॉण्ड दोन्ही वकिलांच्या फायलीत दिसतो.

शेतजमिनीसाठी सोपा रस्ता आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम ८५. सगळे सहहिस्सेदार सहमत असतील तर तहसीलदारांकडं एकत्र अर्ज करायचा. नोटिसा निघतात, जबाब होतात, वाटपाचा आदेश होतो, मग फेरफार. या वाटणीपत्राचं मुद्रांक शुल्क आधीपासूनच नाममात्र होतं. अडचण होती ती नोंदणी शुल्काची. ते एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपये लागायचं आणि लोक तिथंच मागं फिरायचे. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं शेतजमिनीच्या वाटणीपत्रासाठी हे शुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी कुटुंबातल्या वाटणीच्या हिस्सेमोजणीचं शुल्कही प्रत्येक पोटहिश्शाला २०० रुपयांवर आणलं गेलं. म्हणजे 'खर्च परवडत नाही' ही सबब आता चालायची नाही.

सहमती झालीच नाही तर? मग दिवाणी न्यायालय. तिथला निकाल लागेपर्यंत तुमच्या लग्नाचा अल्बम जुना होतो. म्हणून घरातच बसून मिटलं तर सोन्याहून पिवळं.

आणखी एक. कलम ८५ शेतजमिनीसाठी आहे. गावातल्या घराची आणि मोकळ्या जागेची वाटणी वेगळ्या वाटणीपत्रानं होते, तिचं शुल्क वेगळं. दोन्ही कामं एकदमच हाती घ्या. नाहीतर रान वाटलं जातं आणि घर तसंच लोंबकळत राहतं.

वाटणीपत्रात फक्त एकर-गुंठे लिहून भागत नाही. विहीर सामायिक असेल तर पाण्याची पाळी लिहा. बोअर आणि मोटारीचं वीजबिल कोण भरणार ते लिहा. मागच्या वाट्याला जायचा रस्ता कुठून आणि किती रुंद, ते नकाशात दाखवा. धुऱ्यावरची आंब्याची झाडं कुणाची, हेही लिहा. हसू नका. आंब्याच्या एका झाडावरून कोर्टात गेलेली घरं आपल्याकडं कमी नाहीत.

रानात बांधायचं की गावात?

वाटणी झाली. आता पुढचा विचार. "गावात गर्दी झालीय, आपण आखाड्यावरच बांधू. मोकळी हवा, गाडी लावायला जागा."

रानात बांधता येतं, पण 'आपल्या मालकीचं आहे, काहीही करू' असं नसतं. शेतीसाठी वापरात असलेल्या जमिनीवर शेतकऱ्याला स्वतःचं शेतघर बांधायची मुभा आहे. पण दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा वेगळा पाडून, तो स्वतंत्र नावावर करून तिथं घर बांधायचं म्हटलं की तुकडेबंदी कायदा आडवा येतो. १९४७ सालचा हा कायदा शेतीचे नको इतके लहान तुकडे होऊ नयेत म्हणून केला गेला. ऑगस्ट २०२३ पासून आपल्या जिल्ह्यात प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे आहे. त्यापेक्षा लहान तुकडा वाटणीतही पाडता येत नाही.

कायदा उगाच काळजी करत नाही. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातल्या एका शेतकरी खात्याकडं सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. तुमच्या आजोबांच्या सहा एकरांचं बाबांकडं दीड एकर झालं. तुमच्या आणि तुमच्या बहिणीच्या वाट्याला किती येईल, ते मनातल्या मनात करून बघा.

मग उपाय? गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत तुमचं रान असेल तर नशीबवान आहात. अशा जमिनीच्या निवासी वापरासाठी अकृषिक परवानगीचा वेगळा खटाटोप करावा लागत नाही. काय भरावं लागतं, ते तहसीलात विचारून घ्यायचं. म्हणून वाटण्या करताना गावालगतचा पट्टा एकाच्याच वाट्याला जाऊ देऊ नका. त्या पट्ट्याची किंमत मागच्या रानाच्या कितीतरी पट असते. सगळ्यांना घराला जागा मिळेल असा तो उभा वाटून घ्या, आणि प्रमाणभूत क्षेत्र मोडणार नाही ना, हे तहसीलात आधी विचारा.

गावठाणातच बांधणार असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ हातात असेल. पण नमुना आठ ही कर आकारणीची नोंद. मालकीचा पुरावा म्हणून बँक तिच्यावर सहसा समाधानी होत नाही. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होतात. तुमच्या गावाची झाली असेल तर पत्रिका काढा आणि नाव, क्षेत्र, चतुःसीमा तपासा. आजोबांचं नाव असेल तर इथंही वारस नोंद करावी लागेल. मोजणीत शेजाऱ्याचा ओटा तुमच्यात किंवा तुमचा शेजाऱ्यात गेला असेल तर हरकत आत्ताच घ्या.

परवानगीचं काय? ग्रामविकास विभागानं २०२१ मध्ये ही वाट सोपी केली. सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या घरासाठी मालकीची कागदपत्रं, आराखडा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीला दिला की पुरतं. सगळ्यात आधी मागतात काय? मालकीची कागदपत्रं. फिरून आपण तिथंच आलो. घरकुल मंजूर झालं असेल तरी तेच. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचं घर आहे. पण जागा तुमची असल्याचं दाखवता आलं नाही तर पहिला हप्ताच अडतो.

माळवद अर्धं पाडता येत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या घराची वाटणी.

पाच खणांचं माळवद. अडीच खण बाबांचे, अडीच काकांचे, असं ठरतं. बाबा आपला अर्धा भाग पाडून आरसीसी घर बांधायला काढतात. कागदावर हे बरोबर दिसतं. पण माळवद म्हणजे काय ते आठवा. दगडमातीच्या जाड भिंती, त्यावर सागवानी सऱ्या आणि वर फूट-दीड फूट मातीचा थर. सगळं एकमेकांच्या आधारावर उभं असतं. अर्धं पाडलं की उरलेल्या अर्ध्याच्या सऱ्या आणि भिंती उघड्या पडतात. त्यात पावसाळ्यात माती भिजून जड झाली की ते कधी बसेल याचा नेम नाही. आणि त्या उरलेल्या अर्ध्यात बहुतेक वेळा आजी झोपलेली असते.

माळवदाची माती किती घातक ठरते, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हजारो माणसं गेली ती झोपेत, दगडमातीच्या भिंती आणि मातीची छपरं अंगावर कोसळून. आपल्याकडंही जमीन शांत नाही. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४, दोन्ही वेळा सकाळीच हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. लोक घराबाहेर धावले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातल्या लोकांना तर जमिनीतून येणारे आवाज वर्षानुवर्षं सवयीचे झालेत.

म्हणून एकाला जुनं पाडायचं असेल तर दोघांनी मिळून बसा. पूर्ण उतरवायचं का, की उरलेल्या भागाला आधी नवी भिंत आणि आधार द्यायचा, हे अभियंत्याला जागेवर आणून ठरवा. तो खर्च वाटणीच्या हिशेबात धरा. आणि नवं घर जुन्या भिंतीला टेकवून बांधू नका, मध्ये अंतर सोडा. हादरा बसला की दोन वेगळ्या घरांचं हलणं वेगळं असतं, एक दुसऱ्याला धडकतं.

रानातल्या घराची गोष्ट आणखी वेगळी. आपली काळी जमीन हळदीला, कापसाला सोन्यासारखी, पण घराला नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. वरवरचा पाया या ओढाताणीत टिकत नाही, दुसऱ्या वर्षीच भिंतीला तिरकी चीर दिसते. पाया काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत न्या. जोत्यात भर घालताना उकरलेली काळी माती परत ढकलू नका, मुरूम घाला. जोत्याच्या पातळीवर सलग बीम, दारंखिडक्यांच्या वर सलग पट्टी आणि कोपऱ्यांत उभी सळई घ्या. दारखिडकी कोपऱ्याला चिकटून ठेवू नका. घराभोवती पाणी मुरू नये म्हणून उताराचा पक्का ओटा करा. गुत्तेदार म्हणेल, "एवढं कशाला, गावात सगळी घरं अशीच हायेत." त्याला चहा पाजा आणि अभियंत्याच्या नकाशावर बोट ठेवा.

हळदीचा पैसा येतो उन्हाळ्याच्या तोंडावर आणि मृग लागायच्या आत स्लॅब टाकायची घाई असते. पण एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात स्लॅबवरचं पाणी बघता बघता उडतं. आळी करून किमान दहा दिवस पाणी साचलेलं ठेवा. त्या पाण्याची सोय नसेल तर स्लॅबची तारीख पुढं ढकला, टँकरच्या भरवशावर राहू नका.

विषय काढायचा कुणी?

तुम्हीच काढा. बाबा आणि काका एकमेकांपुढं बोलायला अवघडतात. चाळीस वर्षांचे रुसवे असतात मध्ये. कुणी कुणाच्या शिक्षणाला पैसे दिले, कुणी रान राखलं, कुणी आजोबांचं दुखणं काढलं. हे हिशेब सातबाऱ्यावर नसतात, पण वाटणीच्या बैठकीत सगळ्यांत आधी तेच निघतात. निघू द्या. दोन तास ऐकून घ्या. ज्यानं रान राखलं त्याला विहिरीजवळचा तुकडा, जो नोकरीला गेला त्याला रस्त्याकडेचा, असे तोडगे तेव्हाच सुचतात.

तुमच्याकडं मोबाइल आहे, सातबारा काढता येतो, नकाशा वाचता येतो. चुलतभावाला फोन लावा. तोही तुमच्याच वयाचा आहे, त्यालाही घर बांधायचंय. दोघं मिळून कागद गोळा करा आणि मोठ्यांपुढं ठेवा. बैठक आजीसमोर घ्या. तिचा वाटा तिच्या नावावर आहे, हे सगळ्यांसमोर बोला. उद्या कुणाच्या घरात राहायचं, हे तिला कुणापुढं हात न पसरता ठरवता आलं पाहिजे.

आणि आत्याला फोन करायला विसरू नका. "आत्या, घराचं बोलणं काढलंय. तू आल्याशिवाय बसत नाही आम्ही." एवढं एक वाक्य पुरे. नव्या घराच्या वास्तुशांतीला ती कुठल्या मनानं येणार, ते या फोनवर ठरतं.

पाया खणण्याआधीची यादी

१. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, नमुना आठ आणि मिळकत पत्रिका, सगळं एका फायलीत लावा.

२. मयत नावं असतील तर वारस नोंद करा. मुलींची आणि आजीची नावं गाळू नका.

३. जमीन स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित, हे वकिलाला कागद दाखवून ठरवा.

४. शेतजमिनीची वाटणी कलम ८५ नुसार आणि घराची वेगळ्या नोंदणीकृत वाटणीपत्रानं करा.

५. हिस्सेमोजणी करून हद्दीच्या खुणा सगळ्यांसमोर रोवा. फोटो काढून ठेवा.

६. विहीर, रस्ता, वीज, सांडपाणी आणि झाडं यांची नोंद वाटणीपत्रात घ्या.

७. घराची जागा गावठाणात, २०० मीटरच्या आत की त्यापलीकडं, ते बघून लागेल ती परवानगी घ्या.

८. जुनं घर पाडण्याआधी आणि नवा पाया घेण्याआधी अभियंत्याला जागेवर आणा.

९. हे सगळं झाल्यावर मुरमाचं ट्रॅक्टर बोलवा.